हिरवा दिवा आणि आधाररेषा

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी दुपारी नागपुरातल्या मनीषनगरला भाच्याकडे गेलो होतो. बाहेर पारा पंचेचाळिशीच्या घरात, खोलीत कूलरचा घरघराट आणि टेबलावर उघडा लॅपटॉप. त्याच्या बाजूला माझ्या वडिलांचे, म्हणजे त्याच्या आजोबांचे, एचएमटीचे मनगटी घड्याळ आडवे ठेवलेले होते आणि घड्याळाच्या काचेवर, नेमका सेकंदकाट्याच्या वर, माऊस. काटा फिरला की माऊसच्या पोटातल्या प्रकाशाला हालचाल जाणवते, पडद्यावरचा बाण कणभर सरकतो आणि कंपनीच्या संदेशांच्या अ‍ॅपमध्ये भाच्याच्या नावापुढचा दिवा हिरवा राहतो. भाचा स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वरणभात खात होता. ‘काम तं झालं मामा,’ तो म्हणाला, ‘पण दिवा पिवळा झाला का फोन येते.’ त्याच्या टीममधली सहा माणसे पुणे, बंगळूर आणि नागपूर अशी विखुरलेली आहेत आणि क्लायंट कॅलिफोर्नियात आहे. वडील त्या घड्याळाला निवृत्तीनंतरही रोज सकाळी न चुकता किल्ली देत असत. त्याच्या नशिबी हे काम येईल असे त्यांना कधी वाटले नसेल.

आयटीतल्या मंडळींनी कार्यालयात यावे की घरून काम करावे, हा वाद आपल्याकडे आता हुरडा पार्टीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत कुठेही पेटतो. नागपुरात त्याला जास्त धार आहे, कारण २०२० च्या मार्चनंतर पुण्या-बंगळूरहून परतलेली कितीतरी मुले इथल्या घरांत रुळली होती आणि त्यांना पुन्हा बोलावणी येऊ लागली तेव्हा प्रश्न घराघरांत शिरला. वाद मात्र फार वाईट रीतीने घातला जातो. एक बाजू ‘दृष्टीआड सृष्टी’ म्हणते आणि दिसत नाही तो काम करत नाही असे गृहीत धरते. दुसरी बाजू ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असे विचारते आणि विश्वास हा न मागता मिळणारा हक्क आहे असे समजते. विश्वास पानिपतावरच गेला, असे म्हणून तिसरा कोणीतरी हसतो आणि विषय संपतो. दोन्ही बाजूंना विश्वास हा स्वभावाचा, चारित्र्याचा प्रश्न वाटतो. माझे म्हणणे असे की एकमेकांपासून शेकडो किंवा हजारो मैलांवर बसून सॉफ्टवेअर घडवणाऱ्या माणसांत विश्वास कामाच्या तपासणीतून तयार होतो आणि माणसावरच्या पाळतीने तो मरतो. आपल्या वादात मात्र तपासणी आणि पाळत या एकच गोष्टी समजल्या जातात. तपासणी सर्वांना लागू असते आणि तपासणाऱ्याचे कामही कोणीतरी तपासत असते. पाळत वरून खालीच जाते आणि ती कितीही कडक असली तरी तिच्यात कामाकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही, असे सहज होऊ शकते.

समोरच्या बाजूचे सगळे मुद्दे पोकळ नाहीत आणि तसे भासवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. हर्ब्सलेब आणि मॉकस या संशोधकांच्या २००३ च्या अभ्यासात, एकाच ठिकाणी होणाऱ्या कामापेक्षा अनेक ठिकाणी वाटलेल्या कामाला सुमारे अडीचपट वेळ लागतो असे दिसले होते. मायक्रोसॉफ्टच्या ६१ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या २०२० मधल्या संपर्काचा अभ्यास सांगतो की घरून काम सुरू झाल्यावर माणसे आपापल्या गटात अधिक कोंडली गेली आणि गटागटांतले पूल कमी झाले. नव्याने लागलेल्यांचे नुकसान तर डोळ्यांना दिसते. मी परसोडीच्या आयटी पार्कात उमेदवारी करत होतो तेव्हा माझ्या खुर्चीमागे उभे राहून एक ज्येष्ठ सहकारी नुसते ‘हं’ म्हणायचे आणि त्या ‘हं’च्या सुरावरून आपण चुकलो हे मला कळायचे. तो सूर कोणत्याही व्हिडिओ कॉलवर पोचत नाही. आजच्या बाविशीतल्या मुलाला तो मिळत नसेल तर त्याचे काहीतरी खरोखरच हरवले आहे, हे मी मान्य करतो.

पण या पुराव्यातून जो निष्कर्ष काढला जातो, तो त्यातून निघतो का? अडीचपट वेळेच्या मुळाशी त्या अभ्यासकांना आळस सापडला नव्हता. वाटलेल्या कामात जास्त माणसे गुंतावी लागतात आणि जितकी माणसे जास्त तितके थांबणे जास्त, हे त्यांना सापडले. म्हणजे दुखणे समन्वयाचे होते, नियतीचे नव्हते. शिवाय २००९ मध्ये विंडोज व्हिस्टाच्या घटकांचा जो अभ्यास झाला, त्यात एकाच इमारतीत लिहिलेले घटक आणि अनेक ठिकाणी मिळून लिहिलेले घटक यांच्या बिघाडांत फारसा फरक आढळला नाही. हे अंतर ओलांडता येते, पण ते आपोआप ओलांडले जात नाही. उपस्थिती हा त्यावरचा एक उपाय आहे. महागडा आहे आणि कधी कधी योग्यही आहे. तो अविश्वासावरचा उतारा म्हणून विकला जातो, तेव्हा माझा आक्षेप सुरू होतो.

अंतरामुळे सर्वात आधी बिघडतो तो मौनाचा अर्थ. कॅथरीन क्रॅम्टन यांनी २००१ मध्ये विखुरलेल्या गटांविषयी जे दाखवून दिले, ते अशा टीममध्ये राबलेल्या कोणालाही पटेल: पलीकडचा माणूस गप्प झाला की आपण त्याची परिस्थिती न पाहता त्याचा स्वभाव ठरवून टाकतो. काही वर्षांपूर्वी, अशाच एका उन्हाळ्यात, आमच्या भागाची वीज दुपारी गेली. इन्व्हर्टरने तासभर साथ दिली, मग तोही बसला. मोबाइलवरचा डेटाही त्या दिवशी धड चालत नव्हता. मी तीन तास गायब होतो आणि त्याच तीन तासांत युरोपातल्या एका सहकाऱ्याला माझ्याकडून एका ओळीचे उत्तर हवे होते. वीज आल्यावर मी ते दिले, वीज गेल्याचे मात्र सांगितले नाही. असल्या सबबी ऐकायला कोणाला वेळ असतो, असे वाटले. पुढचे दोन महिने माझा प्रत्येक बदल तो गृहस्थ दुप्पट बारकाईने पाहत होता आणि माझ्या प्रश्नांना एका शब्दात उत्तरे देत होता. हे मी नोंदवून ठेवले, त्याला ‘गोऱ्यांचा माज’ असे नावही देऊन टाकले. पुढे एका कॉलवर तो सहज म्हणाला की त्या दिवशी त्याला मुलीला घेऊन रुग्णालयात जायचे होते आणि माझ्या एका ओळीसाठी तो अडकून पडला होता. आम्ही दोघेही परस्परांच्या चारित्र्याबद्दल ठाम मत बाळगून होतो आणि दोघांच्याही मताला तीन तासांच्या अंधारापलीकडे काही आधार नव्हता. दोघेही एकाच मजल्यावर असतो तर हे घडले नसते, हे खरे. पण ‘वीज गेली होती, माफ करा’ एवढे पाच शब्द लिहिले असते तरीही घडले नसते.

आता समोरच्या बाजूचा सर्वात वजनदार मुद्दा: लबाडी. २०२२ च्या सप्टेंबरात विप्रोच्या अध्यक्षांनी जाहीर केले की प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी त्याच वेळी काम करणारे तीनशे कर्मचारी सापडले आणि त्यांना काढण्यात आले. याहून अस्वस्थ करणारे उदाहरण मुक्त सॉफ्टवेअरच्या, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही वाचता येतो अशा सॉफ्टवेअरच्या, जगातले आहे. एक्सझेड नावाचा माहिती दाबून लहान करणारा एक छोटा प्रकल्प आहे. लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीवर चालणाऱ्या असंख्य यंत्रणांत तो बसलेला असतो. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी २०२१ पासून या प्रकल्पात हळूहळू पाय रोवले. दोन वर्षांहून अधिक काळ उपयोगी बदल पाठवले, प्रकल्प सांभाळणाऱ्या थकलेल्या एकट्या माणसावर इतर अनोळखी नावांकडून ‘जबाबदारी दुसऱ्याला द्या’ असा दबाव आला आणि अखेर किल्ल्या हाती आल्यावर या व्यक्तीने त्यात चोरवाट पेरली. मार्च २०२४ मध्ये ती उघड झाली. ‘जिया टॅन’ला कोणी भेटले असल्याचे पुढे आले नाही, ते नाव एका माणसाचे की गटाचे, हेही उलगडले नाही. समोरासमोर काम करणाऱ्या टीममध्ये हे सोंग इतका काळ टिकणे फार अवघड होते, हे मला मान्य करावेच लागते. लांबून मिळवलेला विश्वास लांबूनच लुटता येतो.

तरीही या प्रकरणाच्या तपशिलात शिरले की चित्र बदलते. ती चोरवाट पकडली कोणी? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या, दुसऱ्याच प्रकल्पावर काम करणाऱ्या अभियंत्याने. दूरच्या यंत्रावर प्रवेश करायला अर्धा सेकंद जास्त का लागतो आहे, एवढ्या एका शंकेवरून तो खोदत गेला आणि सर्व काही उघडे असल्यामुळे त्याला खोदता आले. चोरवाट लपवली कुठे होती, हे त्याहून महत्त्वाचे. ती चालू करणारा कळीचा तुकडा सर्वांना दिसणाऱ्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या सामायिक साठ्यात, नव्हताच. प्रसिद्ध करताना जे गाठोडे बांधून दिले जाते, त्यात तो परस्पर घातला होता. कामाचा जेवढा भाग सर्वांच्या तपासणीखाली होता तेवढ्यात लबाडाने तो उघडपणे ठेवण्याचे धाडस केले नाही. जिथे कोणी पाहत नव्हते तिथे त्याने हात मारला. या घटनेतून ‘दूरच्या माणसांवर विश्वास नको’ असा धडा घ्यायचा, की ‘एकट्या थकलेल्या माणसावर सगळा भार टाकून कामाचा कोणताही कोपरा बिनतपासणीचा सोडू नका’ असा? आणि एकाच छताखाली बसण्याने लबाडी टळते, असे ज्यांना वाटते त्यांनी सत्यम ही आयटी कंपनी आठवावी. ७ जानेवारी २००९ रोजी तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून सात हजार कोटी रुपयांच्या वर जाणाऱ्या खोट्या हिशेबांची कबुली दिली. त्या कंपनीत संचालक मंडळ होते, लेखापरीक्षक होते, सगळे एकमेकांना नावानिशी ओळखत होते, एकमेकांच्या घरी लग्नकार्यांना जात असतील. उपस्थिती शंभर टक्के होती, फक्त आकडे कोणी स्वतंत्रपणे ताडून पाहिले नव्हते.

दूरवर पसरलेल्या माणसांनी एकमेकांचे काम न पाहता त्यावर पुढचे काम रचायचे, हा प्रश्न सॉफ्टवेअरने जन्माला घातलेला नाही. नागपूरकराला त्यासाठी फार लांब जायला नको. विधान भवनापासून जवळच झिरो माइलचा दगड उभा आहे. तो भारताचा मध्यबिंदू आहे की नाही यावर हवी तेवढी भांडणे होऊ शकतात, पण भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी त्याचे नाते आहे आणि तिथे समुद्रसपाटीपासूनची उंची नोंदलेली आहे: १०२०.१७१ फूट. हे सर्वेक्षण १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासला सुरू केले आणि १८२३ मध्ये नागपूरकडे येत असताना तो आपल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. सर्वेक्षणाची रीत अशी होती: काही मैलांची एक आधाररेषा प्रत्यक्ष साखळीने मोजायची, तिच्यावरून पुढे केवळ कोन मोजत त्रिकोणांची माळ शेकडो मैल न्यायची आणि पलीकडच्या टोकाला पुन्हा एक आधाररेषा जमिनीवर मोजून, गणिताने आलेल्या लांबीशी ती जुळते का ते पाहायचे. डोंगरावर निशाण धरून उभा असलेला खलाशी (म्हणजे सर्वेक्षणातला मदतनीस), दुर्बिणीला डोळा लावलेला सर्वेक्षक आणि दूरच्या कचेरीत बसून आकडेमोड करणारा गणिती यांची आयुष्यात भेट होण्याचे कारण नव्हते. खलाशी दिवसभर झाडाखाली झोपला की उभा राहिला, हे कोणी पाहत नव्हते. पण चूक झाली तर दुसऱ्या आधाररेषेवर ती उघडी पडणार होती, सर्वेक्षकाचीही आणि गणित्याचीही. याच व्यवस्थेमुळे राधानाथ सिकदार यांनी स्वतः त्या पर्वतावर न जाता ‘शिखर पंधरा’ जगात सर्वात उंच असल्याचे १८५२ मध्ये आकड्यांवरून दाखवले. शिखराला नाव मात्र एव्हरेस्ट या सर्वेक्षणाच्या निवृत्त प्रमुख साहेबाचे मिळाले. तपासणीने खरेपणाची हमी मिळते. श्रेयाची मिळत नाही. परदेशी क्लायंटसाठी इथून राबणाऱ्या ‘ऑफशोअर’ टीममध्ये काम केलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

आज सॉफ्टवेअरमध्ये नावाजलेले जे दूरस्थ काम आहे, ते याच रीतीवर चालते. लिनक्सचे कर्नल, म्हणजे त्या प्रणालीचा गाभा, १९९१ पासून जगभरातली माणसे मुख्यतः ईमेलवरून लिहीत आली आहेत. २००४ नंतर तिथे प्रत्येक बदलाखाली पाठवणाऱ्याने आणि तो पुढे नेणाऱ्याने सही करण्याची पद्धत पडली. २००५ मध्ये याच कामासाठी कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे गिट तयार झाले, ज्यात जुन्या नोंदीत एक अक्षर बदलले तरी पुढच्या सगळ्या खुणा बदलतात. कोणी किती वाजता टेबलाशी होता, हे त्या व्यवस्थेत कुठेच लिहिलेले नसते. २०२१ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोग म्हणून मुद्दाम सदोष बदल पाठवल्याचे कळले, तेव्हा त्या विद्यापीठाकडून येणारे काम थांबवण्यात आले आणि आधी आलेले बदल पुन्हा एकेक करून तपासले गेले. विश्वास मोडला तेव्हा काय करायचे, हेही त्यांनी करून दाखवले.

मग अधूनमधून भेटण्याला काहीच अर्थ नाही का? आहे, पण त्याचाही एक धडा नागपूरने फार पूर्वी गिरवला आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराला मी नेहमी दूरस्थ टीमचा करारनामा म्हणतो आणि मित्र हसतात. राजधानी दूर मुंबईत जाणार, आपले काम तिथे कोण पाहणार, ही विदर्भाची शंका होती आणि तिच्यावर दोन प्रकारची आश्वासने दिली गेली. एक, शासन ठरावीक काळ नागपुरात येईल आणि विधिमंडळाचे वर्षातून किमान एक अधिवेशन इथे होईल, म्हणजे उपस्थितीचे. दुसरे, लोकसंख्येच्या प्रमाणात निधी आणि नोकऱ्यांचे, म्हणजे कामाचे. यांपैकी कोणते जास्त निष्ठेने पाळले गेले? दरवर्षी डिसेंबरात फायलींचे गठ्ठे येतात, रविभवन आणि आमदार निवास भरतात, मोर्चे निघतात, संत्र्यांच्या पेट्या घेऊन मंडळी परततात. २०२० आणि २०२१ मध्ये तेही मुंबईतच झाले. २०२४ मध्ये १६ ते २१ डिसेंबर असे आठवड्यात आटोपले. माणसे समोरासमोर बसली, पण त्या बसण्याने शंका मिटली असे विदर्भात कोणी म्हणणार नाही. चर्चेची पातळी खऱ्या अर्थाने बदलली ती १९८४ मध्ये, जेव्हा दांडेकर समितीने सिंचन, रस्ते, शिक्षण अशा एकेका क्षेत्रातला अनुशेष आकड्यांत मांडला. त्याआधी तक्रार होती, त्यानंतर हिशेब आला. हिशेब पटो न पटो, त्यावर आकड्यांनी भांडता येते. योगायोग असा की सॉफ्टवेअरवाले उरलेल्या कामाच्या यादीला जो ‘बॅकलॉग’ शब्द वापरतात, त्याचेच मराठी भाषांतर अनुशेष. आठवड्यातून तीन दिवस कार्यालयात बोलावणारे आणि त्या तीन दिवसांतही हेडफोन लावून इतर शहरांतल्या सहकाऱ्यांशीच कॉलवर बोलायला लावणारे व्यवस्थापन पाहिले, की मला हिवाळी अधिवेशन आठवते.

कामाची मापेही फसवता येतात, असा आक्षेप यावर येईल आणि तो खरा आहे. ओळी मोजल्या तर माणसे ओळी वाढवतात. म्हणूनच मी मोजणी म्हणत नाही, तपासणी म्हणतो. जाणत्या माणसाने काम उघडून वाचावे लागते, त्यात वेळ जातो आणि वाचणाऱ्याला ते काम कळावे लागते. पाळत लोकप्रिय होण्याचे कारण इथेच असावे, असा माझा संशय आहे: हिरवा दिवा पाहायला काहीच कळावे लागत नाही. मायक्रोसॉफ्टच्याच २०२२ च्या पाहणीत ८७ टक्के कर्मचारी आपण नीट काम करतो असे सांगत होते, आणि आपली माणसे काम करतात याची पूर्ण खात्री असलेले वरिष्ठ होते १२ टक्के. एवढी दरी केवळ कामचुकारपणाने पडत नाही. खाली काय शिजते आहे, हे वरच्यांना वाचता येईनासे झाले की ती पडते.

तपासणी दुतर्फा आहे की नाही, हे ओळखायची एक सोपी खूण मी भाच्याच्या टीमसारख्या ठिकाणी वापरतो: रात्रीचा कॉल कोणाच्या वाट्याला येतो? हिवाळ्यात नागपूर कॅलिफोर्नियाच्या साडेतेरा तास पुढे असते. तिथली सकाळ आठची सोयीची वेळ म्हणजे इथले रात्रीचे साडेनऊ. वर्षातून एकदाही ही गैरसोय उलट्या दिशेने वळत नसेल, तर त्या टीममध्ये विश्वासाचा पुरावा देण्याची जबाबदारी एकाच बाजूवर आहे, मग दर शुक्रवारी खेळीमेळीचे ऑनलाइन खेळ कितीही खेळवा.

त्या दुपारी, जेवण झाल्यावर, भाच्याला विचारले की झालेले काम कोणाकडे आहे. त्याने माऊस घड्याळावरून उचलला आणि मला यादी दाखवली. त्याने पाठवलेला बदल मंगळवारपासून तपासणीच्या रांगेत पडून होता. चार दिवसांत तो कोणी उघडलाही नव्हता. गेल्या आठवड्यात त्याचा दिवा एकूण किती मिनिटे पिवळा होता, याचा तक्ता मात्र सकाळीच त्याला ईमेलने आलेला होता. तो मला दाखवेपर्यंत दिवा पुन्हा पिवळा होऊ लागला, तेव्हा त्याने माऊस परत काचेवर ठेवला आणि घड्याळाला चार पिळे किल्ली दिली.